अट आणि खूण

म्हातारी वारली त्याच रात्रीची गोष्ट. नातेवाईक जमले होते, आतल्या खोलीत आडवे झाले होते. सुतकात विस्तव विझू द्यायचा नाही असा त्या गावचा रिवाज, म्हणून घरातल्या दोघी बायका मोठ्या शेगडीच्या दोन बाजूंना जागत बसल्या होत्या. एकीच्या हाताशी कोळशाचं गोल भांडं होतं. विस्तव मंदावला की त्यातले चार कोळसे सारायचे. एवढ्यात मागच्या दाराकडून पावलं वाजली. बघतात तर गेलेली म्हातारीच आत येत होती. ती कमरेत पार वाकलेली, त्यामुळे तिचा किमोनो जमिनीवर लोळायचा; म्हणून तिनं पुढची कड तिकोनी दुमडून शिवून घेतली होती. ती दुमडसुद्धा जशीच्या तशी. दोघींच्या अगदी जवळून ती पुढे गेली. जाता जाता तिची कड कोळशाच्या भांड्याला लागली, आणि ते गोल भांडं गरगर फिरलं.

ही हकीकत 1910 साली जपानमध्ये छापली गेली. पुस्तकाचं नाव 'तोनो मोनोगातारी', म्हणजे तोनोच्या कहाण्या. तोनो हे ईशान्य जपानमधल्या इवाते प्रांतातलं डोंगरांनी वेढलेलं खोरं. लिहिणारा यानागिता कुनिओ हा सरकारी अधिकारी. सांगणारा सासाकी किझेन हा तोनोचाच तरुण, आणि ती परत आलेली म्हातारी ही त्याची सख्खी पणजी. पुस्तकात अशा 119 छोट्या छोट्या हकीकती आहेत. यानागितानं पदरमोड करून अवघ्या 350 प्रती काढल्या होत्या. पुढे हेच पुस्तक जपानी लोकविद्येचा पाया मानलं गेलं. त्याचं मला वाटणारं महत्त्व मात्र वेगळं आहे. आशियातल्या पुराणकथा आणि लोककथा घेऊन अद्भुत कथा-कादंबरी लिहायला बसलेल्या माणसानं पहिल्यांदा हे पुस्तक वाचावं, कारण तोनोच्या शेतकऱ्यांना जे उपजत कळत होतं ते आजच्या जाडजूड कादंबऱ्यांमध्ये सापडता सापडत नाही.

त्या गोल भांड्याबद्दल कादंबरीकार मिशिमा युकिओनं आपल्या अखेरच्या वर्षांत लिहून ठेवलं आहे. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: भांडं फिरेपर्यंत वाचकाला पळवाट आहे. दोघी बायका थकलेल्या, रात्रभर जागलेल्या, त्यांना भास झाला असेल. पण भासाच्या कडेनं भांडं फिरत नाही. ते फिरलं त्या क्षणी पळवाट बंद होते आणि हकीकतीचं साहित्य होतं. मिशिमानं नेमकी जागा पकडली. मात्र यात यानागिताइतकंच श्रेय सासाकीच्या घरातल्या त्या बायकांना द्यायला हवं. भुताचा चेहरा कसा होता, डोळे कसे होते, याबद्दल त्यांनी एक अक्षर सांगितलेलं नाही. त्यांनी दुमड सांगितली आणि भांडं सांगितलं.

अशा तपशिलाला मी 'खूण' म्हणतो. अद्भुत गोष्ट खरी वाटायची तर तिनं आपल्या जगातल्या एखाद्या साध्या, घरगुती वस्तूवर खूण ठेवली पाहिजे. आशियाभरच्या लोककथा या खुणांनी भरलेल्या आहेत. बँकॉकच्या नांग नाकचीच गोष्ट घ्या. नवरा माक लढाईवर गेलेला, इकडे नाक बाळंतपणात गेली. नवरा परतला तर बायको आणि तान्हं मूल घरात हजर. शेजारीपाजारी सांगून थकले, त्याला पटेना. मग एके दिवशी स्वयंपाक करताना तिच्या हातून लिंबू निसटलं आणि फळ्यांच्या फटीतून खाली गेलं. घर खांबांवर उभारलेलं, खाली मोकळी जागा. नाकनं बसल्या जागेवरून हात लांब केला, तो लांबतच गेला, आणि जमिनीवरचं लिंबू उचलून तिनं वर घेतलं. नवऱ्यानं ते पाहिलं. एखादा नवखा लेखक इथे वीज कडाडवेल, नखं वाढवेल, रक्त सांडेल. लोककथेनं लिंबावर भागवलं, आणि त्या लिंबाच्या जोरावर नाकनं थायलंडच्या रंगभूमीपासून सिनेमापर्यंत सगळं जिंकलं. वाट महाबुत विहारात तिचं देऊळ आहे. तिथे लोक तिला पोशाख आणि तिच्या बाळाला खेळणी वाहतात.

आपल्याकडे वेंगुर्ला तालुक्यात आरवलीला वेतोबा आहे. त्याला भाविक चामड्याच्या भल्याथोरल्या चपला वाहतात. देव रात्री गावाची राखण करत हिंडतो आणि चपला झिजतात, असं गावातले लोक सांगतात. यापेक्षा सरस खूण कुठल्या कारखान्यात बनवून मिळणार? चार हातांचा, आगीच्या डोळ्यांचा देव कुणीही रंगवील. झिजलेला तळवा रंगवायला गाव लागतं.

खूण ही झाली अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी म्हणजे अट.

जपानच्या नद्यांमध्ये कप्पा नावाचा प्राणी राहतो. उंची लहान मुलाएवढी, पाठीवर कासवासारखं कवच, डोक्यावर बशीसारखा खळगा आणि खळग्यात पाणी. घोड्यांना ओढून नेतो, माणसांना बुडवतो, कुस्तीला नेहमी तयार. ताकद सगळी त्या पाण्यात. पण कप्पा रीतीचा पक्का. आपण लवून नमस्कार केला तर त्यालाही लवून नमस्कार करावाच लागतो. पाणी सांडतं आणि तो गलितगात्र होतो. काकडी त्याचा जीव की प्राण, इतकी की काकडीच्या सुशीला त्याच्यावरूनच कप्पामाकी म्हणतात. तोनोमध्ये कप्पाचा म्हणून एक डोह दाखवतात आणि पर्यटकांना कप्पा पकडण्याचा परवाना विकतात. परवान्यावर नियम छापलेले असतात: जिवंत पकडायचा, इजा करायची नाही, डोक्यावरचं पाणी सांडू द्यायचं नाही, आमिष म्हणून ताजी भाजीच वापरायची. थट्टाच आहे ती, पण थट्टा करणाऱ्यांना लोककथेचं व्याकरण पक्कं ठाऊक आहे. कप्पाचं चित्र न छापता नुसते नियम छापले असते तरी कुठल्याही जपानी माणसानं त्याला ओळखलं असतं.

माझं म्हणणं एवढंच की आशियाई लोककथेतलं भूत म्हणजे आधी अट, मग रूप. क्यूशू बेटावर रात्रीच्या वाटेत अचानक भिंत आडवी येते. ती दिसत नाही, पण पुढे पाऊल पडत नाही. वरच्या बाजूला काठ्या आपटून काही उपयोग नाही. खाली, जमिनीलगत काठी मारली की वाट मोकळी होते. हिची सगळी ओळख एवढीच, नाव नुरिकाबे. युकी-ओन्ना ही बर्फातली बाई तरुण लाकूडतोड्याचा जीव सोडते, पण आज पाहिलंस ते कुणाला सांगायचं नाही, या बोलीवर. पुढे तो एका सुंदर मुलीशी लग्न करतो, मुलं होतात, आणि एका रात्री दिव्याच्या उजेडात शिवत बसलेल्या बायकोला तो ती जुनी आठवण सांगून बसतो. शेवट सांगायची गरज नाही. अट कळली की वाचक पुढचं पान उलटण्याआधीच घाबरलेला असतो. ही गोष्ट जगापुढे आणली लाफकादिओ हर्ननं, 1904 सालच्या 'क्वाइदान' या पुस्तकात. हर्नला जपानी फारसं वाचता येत नसे. बायको सेत्सु त्याला गोष्टी सांगायची, आणि पुस्तकातून वाचून दाखवू नकोस, तुझ्या शब्दांत सांग, असा त्याचा हट्ट असे. हा हट्ट आजच्या लेखकांनीही धरायला हरकत नाही. विश्वकोशातून उचललेलं भूत आणि बायकोच्या, आजीच्या, शेजारणीच्या तोंडून ऐकलेलं भूत यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो, कारण तोंडी सांगणारा माणूस वर्णन विसरतो. अट विसरत नाही.

विश्वकोशाचा विषय निघालाच आहे तर तोरियामा सेकिएनचं नाव घ्यायला हवं. एदो शहरातला हा चित्रकार; उतामारोसारखा मोठा चित्रकार त्याच्या हाताखाली शिकला. 1776 मध्ये त्यानं भुताखेतांच्या चित्रांचं पुस्तक काढलं. पानावर एक चित्र, चित्रापाशी नाव. पुस्तक इतकं खपलं की 1784 पर्यंत त्यानं आणखी तीन काढली. त्या काळी एदोमध्ये शंभर गोष्टींचा खेळ चालायचा. निळ्या कागदाच्या दिव्यात शंभर वाती लावायच्या, एकेक भुताची गोष्ट सांगून झाली की एकेक वात विझवायची, आणि शंभरावी विझली की खरंच काहीतरी येतं, अशी समजूत. पुष्कळदा मंडळी नव्याण्णव गोष्टींवर उठायची. सेकिएननं काय करावं? शंभराव्या वातीनंतर जे येतं त्याचंच त्यानं चित्र काढलं. पुढे तर लोककथेतली भुतं संपत आली तसा तो पदरची भुतं रचू लागला, आणि त्यातली कित्येक आज 'प्राचीन जपानी परंपरा' म्हणून मिरवतात.

सेकिएनवर माझा राग नाही. त्यानं पुढच्या दोनशे वर्षांच्या चित्रकारांना मुळाक्षरं दिली. त्याच अक्षरांत मिझुकी शिगेरूनं आपलं महाकाव्य लिहिलं. साकाइमिनातो या बंदरगावात लहानाचा मोठा झालेला हा चित्रकथाकार. एका गरीब म्हातारीनं त्याला लहानपणी भुतांच्या गोष्टी सांगितल्या. महायुद्धात त्याचा डावा हात गेला, आणि उजव्या हातानं त्यानं 'गेगेगे नो कितारो' काढून 1960 च्या दशकात जपानी पोरांना भुतांशी पुन्हा दोस्ती करायला लावली. ती न दिसणारी नुरिकाबे भिंत मिझुकीनं दाखवली: बारीक डोळ्यांचा, हातपाय फुटलेला करडा चौकोन. मुलांना तो फार आवडला. पण भिंत दिसायला लागली आणि काठी खाली मारायची की वर, हा प्रश्नच मागे पडला. कोशाची किंमत ही अशी मोजावी लागते. गावाबाहेर पडलेलं भूत चित्रात राहतं, मग पत्त्यांत, मग व्हिडिओ गेममध्ये. तिथे त्याला शक्तीचे गुण मिळतात, अट मात्र सुटून जाते. मग लेखक या कोशातून कप्पा उचलतो, त्या कोशातून मलायाची पोंतियानाक, तिसऱ्यातून आपला वेताळ, आणि वडाची साल पिंपळाला लावून आशियाई अद्भुतविश्व तयार झालं असं समजतो. पोंतियानाकच्या मानेत खिळा ठोकला की ती साधी बाई होते, खिळा काढला की पुन्हा भूत. ही अट ज्या समाजात बाळंतिणी मरत होत्या आणि बायकांना गप्प बसवलं जात होतं त्या समाजाची आहे. ती तिथून उपटून ड्रॅगनच्या शेजारी लावली की हाती नुसता खिळा उरतो.

अटी कुठून येतात, हे समजून घ्यायला चीनमध्ये जावं लागेल. पू सोंगलिंग हा शांतोंग प्रांतातला, 1640 ते 1715 या काळातला विद्वान. एकोणिसाव्या वर्षी पहिल्या पायरीची परीक्षा पहिल्या क्रमांकानं पास झाला आणि वरच्या परीक्षेत जन्मभर नापास होत राहिला. लोकांची मुलं शिकवून पोट भरलं, आणि एकीकडे जवळजवळ पाचशे विचित्र कथा लिहून काढल्या. हस्तलिखित छापलं गेलं 1766 मध्ये, तो जाऊन पन्नास वर्षं झाल्यावर. कोल्हिणींच्या सुंदर बायका होतात, राक्षस माणसाच्या कातड्यावर कुंचल्यानं चेहरा रंगवून तो पांघरतो, अशा त्याच्या कथांवरून आजही सिनेमे निघतात. पण त्याच्या संग्रहातली पहिली कथा यांतली नाही. ती आहे परीक्षेची.

सोंग नावाचे एक गृहस्थ अंथरुणाला खिळले होते. एक शिपाई कागद घेऊन आला, सोबत पांढऱ्या कपाळाचा घोडा, म्हणाला परीक्षेला चला. सोंगचा पहिला प्रश्न काय असावा? परीक्षक तर अजून जिल्ह्यात आलेले नाहीत, मग परीक्षा कसली? शिपाई उत्तर देत नाही, घाई करतो. एका राजवाड्यासारख्या इमारतीत नेऊन बसवतात. दोन मेजं, दोन उमेदवार, कागद, दौत. वर दहाएक अधिकारी बसलेले. निबंध लिहून होतो, तो पसंत पडतो, आणि सोंगला सांगण्यात येतं की एका नगरात नगरदेवतेची जागा रिकामी आहे, तुमची नेमणूक झाली. आता कुठे त्याच्या ध्यानात येतं की आपण मेलो आहोत. तो रडून सांगतो की घरी म्हातारी आई आहे, तिच्या मागे कुणी नाही, तिचं आयुष्य सरेपर्यंत मला सोडा. एक अधिकारी आयुष्याची नोंदवही मागवतो. आईची नऊ वर्षं शिल्लक निघतात. थोडी चर्चा होते. मग आईच्या सेवेसाठी सोंगला नऊ वर्षांची रजा मंजूर होते, आणि दुसऱ्या उमेदवाराला तोवर त्या जागेवर बदली म्हणून पाठवलं जातं. सोंग घरी शुद्धीवर येतो तेव्हा त्याला मरून तीन दिवस झालेले असतात. नऊ वर्षांनी आई जाते, तिचं सगळं यथासांग करून तो आंघोळ करतो, खोलीत जातो आणि मरतो.

यात एकही राक्षस नाही, एकही मंत्र नाही. तरी हे संपूर्ण अद्भुतविश्व आहे, आणि त्याचे नियम पू सोंगलिंगनं हवेतून काढलेले नाहीत. चिनी लोकधर्मात परलोक हे एक मोठं सरकारी खातं आहे: तिथे नोंदवह्या आहेत, बढत्या आहेत, चुकीच्या माणसाला उचलून आणणारे कारकून आहेत. जन्मभर परीक्षांच्या मांडवाबाहेर तिष्ठलेल्या माणसाला त्या खात्याचा कोपरान् कोपरा ठाऊक होता. म्हणून मला वाटतं, पुराणं पाठ असण्यापेक्षा लेखकाला आपल्या समाजातली एखादी व्यवस्था आतून माहीत असणं जास्त मोलाचं. ज्यानं तलाठी कार्यालयात सातबाऱ्यासाठी खेटे घातलेत, त्याला चित्रगुप्ताबद्दल लिहायचा अधिकार संस्कृतच्या पंडिताइतकाच आहे.

जुनी अट जशीच्या तशी वापरायची नसते, ती वाकवायची असते. 712 साली लिहिलेल्या 'कोजिकी' या जपानी ग्रंथात इझानामी ही आदिमाता मरते. नवरा तिला आणायला पाताळात जातो, तेव्हा ती म्हणते, उशीर झाला, मी इथलं अन्न खाल्लं. परलोकातलं अन्न पोटात गेलं की परत येता येत नाही, ही ती अट. मियाझाकी हायाओच्या 2001 सालच्या 'स्पिरिटेड अवे'मध्ये दहा वर्षांची चिहिरो देवांच्या वस्तीत शिरते. आईबाप तिथल्या दुकानातलं अन्न बकाबका खातात आणि डुकरं होतात. इथपर्यंत जुनी अट. पण चिहिरोनं काहीच खाल्लेलं नाही, म्हणून ती हळूहळू पारदर्शक होऊ लागते, विरायला लागते. तगायचं असेल तर तिनं त्याच जगातला एक घास खाल्ला पाहिजे. खाल्लं तर अडकशील, न खाल्लं तर नाहीशी होशील. जुन्या अटीला मियाझाकीनं एक पीळ दिला आणि तेराशे वर्षांपूर्वीचा नियम एका शहरी मुलीच्या गळ्याशी आणून ठेवला. या सिनेमातलं बिनचेहऱ्याचं भूत कुठल्या कथेतलं नाही, ते मियाझाकीचं स्वतःचं. पण त्यालाही अट आहे: ते देतं तेव्हा घेणाऱ्याची हाव बघतं. म्हणून ते परकं वाटत नाही.

हेच काम मराठी मातीत करून दाखवलं 'तुंबाड'नं. राही अनिल बर्वे यांचा 2018 चा हा सिनेमा हिंदीत असला तरी त्याचं नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून आलेलं, आणि पहिल्या भागामागे नारायण धारपांच्या 'आजी' या कथेची प्रेरणा. त्यातला हस्तर हा देव कुठल्याही पुराणात सापडणार नाही. बनवणाऱ्यांनी तो रचला. पण सिनेमा पाहून आलेले कित्येक जण हस्तरची पोथी शोधत होते, आणि यात नवल नाही, कारण त्याच्या अटी पोथीतल्या वाटाव्यात इतक्या चोख आहेत. देवीचा हा थोरला लेक. सोनंही हवं आणि धान्यही हवं, अशी हाव धरली. सोनं मिळालं, धान्याला हात घालताच बाकीचे देव तुटून पडले. आईनं वाचवलं, पण त्याला कुणी पुजायचं नाही या बोलीवर. तेव्हापासून तो आईच्या उदरात भुकेला पडून आहे. कमरेच्या लंगोटीत सोन्याची नाणी, पोटात आग. सिनेमाचा नायक विनायक हा वाड्याच्या विहिरीतून दोरानं खाली उतरतो, पिठाचं रिंगण आखतो, कणकेची बाहुली पुढे करतो, आणि हस्तर तिच्यावर तुटून पडला की त्याच्या लंगोटीतली चार-दोन नाणी ओढून घेतो. चार-दोनच. बाहुली संपेपर्यंत जेवढं निघेल तेवढं.

इथे सोन्याचा महापूर नाही, हे नीट बघावं. प्रत्येक फेरीला तेच कष्ट, तीच भीती, मूठभर नाणी. मग विनायकाच्या पोराच्या डोक्यात हिशेब येतो: एका बाहुलीऐवजी पुष्कळ बाहुल्या नेल्या तर अख्खी लंगोटीच हाती लागेल. ते तसंच करतात, आणि जेवढ्या बाहुल्या तेवढे हस्तर खाली उभे राहतात. कथेचा कळस लेखकांना बाहेरून आणावा लागला नाही. तो अटीतच लपलेला होता. पात्रांनी फक्त ती अट ताणली. कणीक ही खूण, आणि सोनं की धान्य ही अट. दुष्काळ पाहिलेल्या, खोतीच्या जमिनीवर राबलेल्या प्रदेशाला हा देव उपरा का वाटेल?

मराठी लेखकाला कच्च्या मालाची वाण मुळीच नाही. कथांचा महासागर जिथून निघाला असं आख्यायिका सांगते ते ठिकाण म्हणजे आपलं पैठण. सातवाहन राजाच्या पदरी असलेला गुणाढ्य पैज हरला, संस्कृत-प्राकृत सोडून बसला आणि अरण्यात जाऊन स्वतःच्या रक्तानं पैशाची भाषेत सात लाख श्लोकांची 'बृहत्कथा' लिहून राजाकडे पाठवली. राजानं ती झिडकारली. मग गुणाढ्यानं अग्निकुंड पेटवलं. एकेक पान जनावरांना वाचून दाखवायचा आणि आगीत टाकायचा. हरणं, डुकरं चरायची सोडून डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिली. इकडे राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, मांस वाळकं येतंय. आचाऱ्यांनी पारध्यांना धरलं, पारधी म्हणाले, रानातली जनावरं चरतच नाहीत. तेव्हा राजा धावला आणि उरलेला एक लाखाचा भाग वाचला. कथेची ताकद किती, हे इथे कुणी श्लोकात सांगत बसलेलं नाही. ते राजाच्या ताटात उमटलं. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं 'कथासरित्सागरा'ची सुरुवात याच हकीकतीनं केली. त्यातल्या वेताळाच्या गोष्टी पुढे तिबेट आणि मंगोलियापर्यंत गेल्या; तिकडेही प्रेत खांद्यावर आहे, आणि वाटेत तोंडातून शब्द काढायचा नाही ही अटही आहे.

आणि ज्याला कोकणातली भुतं हवीत त्याच्यासाठी एक चमत्कारिक योगायोग आहे. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन, ज्यांना 21 डिसेंबर 1909 रोजी अनंत कान्हेऱ्यांनी गोळ्या घातल्या, ते लोकसमजुती गोळा करत होते. गावोगावच्या शाळामास्तरांकडून प्रश्नावलीची उत्तरं मागवली जात. त्यांच्यामागे एन्थोवेन यांनी ती टिपणं छापली, त्यांत कोकणचा एक खंड आहे. म्हणजे यानागिता तोनोच्या गोष्टी लिहून काढत होता त्याच सुमारास रत्नागिरी-कुलाब्याचे मास्तर मुंजा, हडळ, जखीण, गिऱ्हा, देवचार यांची माहिती भरून पाठवत होते. फरक एवढाच की मास्तरांना प्रश्नावली होती. विहिरीत कोण राहतं, झाडावर कोण राहतं, उपाय काय? त्यामुळे या पुस्तकात अटी भरपूर मिळतात, खुणा जवळपास नाहीत. गरगर फिरणारं भांडं प्रश्नावलीत मावत नाही. ते लेखकानं घालायचं.

एक पथ्य मात्र पाळावं. मुंजा-हडळ ही भुतं आहेत, त्यांना कथेत कसंही वळवा. वेतोबाला रोज पूजा आहे, कौल लावणारे लोक आहेत. त्याला खलनायक करून टाकणं हे धाडस नव्हे, आळस आहे. चिनी 'पश्चिमयात्रा'कारानंही ह्युएनत्संग या खऱ्या भिक्षूला, जो पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला होता, वानराच्या संगतीला दिलं. पण सगळा दंगा त्यानं वानराकडून करवला. भिक्षू पावित्र्य राखून आहे. पूज्य माणसाच्या शेजारी कल्पित पात्र उभं करायचं आणि खोड्या त्या पात्राच्या अंगावर घालायच्या, ही युक्ती 1592 मध्ये छापलेल्या त्या कादंबरीइतकी जुनी आणि अजून चालणारी आहे.

आता मुंजाच घेऊ. मुंज झाली आणि सोडमुंजीआधी मुलगा गेला तर तो पिंपळावर मुंजा होऊन राहतो. अट उघड आहे: सोडमुंज राहिली आहे. समजा, असा एक पिंपळ रस्तारुंदीत जातो. हल्ली तोडण्याऐवजी झाड मुळासकट उचलून दुसरीकडे लावतात, तसं ते क्रेननं उचलून एका नव्या सोसायटीच्या बागेत आणून लावलं. मुंजाला घर सोडता येत नाही, तो झाडाबरोबर आला. वय आठ-दहा, शंभरेक वर्षं खेळायला कुणी नाही, आणि खाली सोसायटीच्या पोरांचं क्रिकेट. चेंडू फांद्यांत अडकतात आणि दुसऱ्या दिवशी परत मिळतात, पण प्रत्येक वेळी एकाच मुलाच्या दारात. त्या मुलाची मुंज येत्या वैशाखात आहे. खूण मिळाली. आता अट ताणायची. मुंजाची सुटका करायची तर सोडमुंज लावायला हवी, आणि सोडमुंजीत बटू काशीला निघाला की मामानं त्याला अडवावं लागतं, माझी मुलगी देतो, असं म्हणून परत फिरवावं लागतं. शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या पोराला मामा कुठून आणायचा? सोसायटीचे सेक्रेटरी भले गृहस्थ आहेत, ते उभे राहायला तयार होतील. त्यांना नऊ वर्षांची मुलगी आहे. मामाच्या जागी उभं राहून काय कबूल करावं लागतं, हे त्यांना आधी सांगायचं की नाही, यावर कथा कुठल्या बाजूला जाणार ते ठरेल.